इथे येण्याचं कारण, किमान तीनशे शब्द

चार माणसं रोज एकाच गाड्यावर चहा प्यायला लागली की किस्से साचतातच. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ग्लासाच्या तळाशी साखर राहते तसे ते राहतात, आणि कधीतरी कुणी चमचा घातला की वर येतात. आमचे किस्से मी लग्नाच्या पंगतीत सांगितलेत, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलेत, लोक पोट धरून हसलेत. फक्त सांगताना मी शेवटचे चार वगळतो. आज तेही सांगतो, कारण वगळून वगळून आता माझी मलाच लाज वाटायला लागली आहे.

तर आम्ही चौघं. मी सुहास जाधव, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क. बिरुदेव, म्हणजे आमचा बिरू, त्याच कॉलेजच्या गेटवर सिक्युरिटीला. मूळचा आटपाडीकडचा, बापजाद्यांची मेंढरं, आणि हा सतरा वर्षं आर्मीत काढून आलेला. चौगुले काका, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, घर आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत. आणि संगीता मॅडम, शेजारच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतात. संध्याकाळी साडेपाचला कॉलेजच्या गेटासमोर आमची बैठक.

ब्लॉगची एक साइट मॅडमनी आणली. मराठीत लिहायचं, वाचणाऱ्यांनी मतं द्यायची, मतांचे पॉइंट व्हायचे आणि पॉइंटांवर महिन्याअखेर मोबाइलचं रिचार्ज किंवा खरेदीचं व्हाउचर मिळायचं. साइटचं नाव सांगत नाही, त्यांची यात काही चूक नाही.

आत शिरताना तिथली एक रीत होती. पहिली पोस्ट सगळ्यांनी एकाच विषयावर लिहायची, ‘मी इथे का आलो’. किमान तीनशे शब्द. सोबत स्वतःचा फोटो, हातात कागद, कागदावर स्वतःच्या अक्षरात नाव आणि त्या दिवसाची तारीख. दुसऱ्याचा फोटो चोरून कुणी खोटं खातं काढू नये म्हणून. माणूस खरा आहे की नाही हे मॉडरेटर बाई त्या कागदावरून ठरवायच्या. त्यानं लिहिलेलं कारण खरं आहे की नाही, हे बघायची सोय मात्र नव्हती.

* * *

बिरूची पहिली पोस्ट एका ओळीची होती. ‘जाधव सरांनी सांगितलं म्हणून आलो. जय हिंद.’

मॉडरेटर बाईंनी परत पाठवली. तीनशे शब्द हवेत.

बिरू गाड्यावर आला तो कपाळाला आठ्या घालून. “सर, कारण एकच हाय. त्याचं तीनशे शब्द कुठनं आणू?”

मी म्हटलं, “गावाकडचं काहीतरी लिही. आठवेल ते लिही.”

त्यानं ते ऑर्डर समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोस्ट आली. ‘काळतोंडी. बांडी. शिंगमोडी. बांडीचं कोकरू. आखूडकानी. लंगडी, ही ओढ्यात ऱ्हायली. पुन्हा काळतोंडी, ही दुसरी.’ अशी तीनशे शब्द भरेपर्यंत त्यानं वडिलांच्या कळपातली मेंढरं एकामागून एक लिहून काढली होती.

संध्याकाळपर्यंत मतांचा पाऊस. कुणी निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी खाली लिहिलं, ‘स्थलांतराची इतकी मूक वेदना मराठी कवितेत मी प्रथमच वाचतो आहे.’

बिरूनं मोबाइल माझ्यापुढं धरला. “सर, ह्यास्नी काय झालंय?”

“त्यांना ती कविता वाटली.”

बिरूनं तिथंच उभं राहून उत्तर टाइप केलं. ‘कविता नाही सर. मेंढरं आहेत.’

त्या उत्तराला मूळ पोस्टपेक्षा जास्त मतं पडली.

* * *

चौगुले काकांचं कारण आमच्यात सगळ्यात प्रामाणिक. त्यांनी लिहिलं की दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं, झोप येते, आणि डॉक्टर म्हणालेत दुपारी झोपायचं नाही. म्हणून आलो. उरलेले शब्द त्यांनी हळदीची प्रतवारी कशी ओळखायची यानं भरले.

काकांना साइट आवडली, पण एका गोष्टीचा त्यांना मनापासून धक्का बसला होता. इथं कुणी कुणाला किती मतं दिली हे सगळ्यांना दिसायचं. एका पोस्टला एकपासून पाचपर्यंत मतं देता यायची, आणि देणाऱ्याच्या नावापुढं आकडा झळकायचा.

“असं उघड्यावर?” काका म्हणाले. “हे काय बरं न्हवं. माणसाचं मन दुखतं.”

त्यांच्या तरुणपणी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला कळायचं नाही. काकांनी तीच पद्धत आमच्या चहाच्या गाड्यावर सुरू केली. आपली पोस्ट आली की काका संध्याकाळी शेजारी येऊन बसणार, खिशातनं रुमाल काढून आपल्या हातावर टाकणार आणि खालून बोटं दाबणार. दोन बोटं म्हणजे दोन मतं. चहावाल्याला पहिले आठ दिवस वाटत होतं की काका आमची नाडी बघतात.

बिरूला हे गुपित पेलायचं नाही. काकांनी बोटं दाबली की तो परेडमधल्यासारखा ओरडायचा, “तीन!”

“आरं गप की गड्या,” काका कळवळून म्हणायचे, “सौदा फोडतोस व्हय.”

* * *

संगीता मॅडमचं तंत्र वेगळं होतं. दुसऱ्यांच्या पोस्टवर प्रतिक्रिया लिहिली की त्याचेही पॉइंट मिळायचे. मॅडमना घर, शाळा, पेपर तपासणी, दहावीचे जादा तास. त्यांनी एकच प्रतिक्रिया मोबाइलमध्ये तयार करून ठेवली होती, ‘अप्रतिम. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं.’ बसची वाट बघता बघता त्या ती वीस-वीस ठिकाणी चिकटवायच्या.

एकदा कुणी आपल्या मूतखड्याच्या ऑपरेशनची सविस्तर हकिकत लिहिली होती. मॅडमनी खाली चिकटवलं, ‘अप्रतिम. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं.’

त्या गृहस्थांनी उत्तर दिलं, ‘सोनोग्राफीवाल्यालाही तसंच दिसलं होतं ताई.’

आम्ही त्यांची बरीच टिंगल केली. मॅडम शांतपणे चहा पीत होत्या. “जाधव सर,” त्या म्हणाल्या, “न वाचता छान म्हणणं वाईट आहे मान्य. पण तुम्ही लायब्ररीत आहात, तुम्ही तरी तिथली किती पुस्तकं वाचलीत?”

मी विषय बदलला.

* * *

आता माझं.

माझं खरं कारण आधी सांगून टाकतो. वीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं रॅकवर लावतोय. दरवर्षी दिवाळी अंकांना कथा पाठवतो. पूर्वी त्या साभार परत यायच्या, हल्ली परतही येत नाहीत. बिरूच्या मेंढरांना लोकांनी डोक्यावर घेतलं, त्या दिवशी गाड्यावर सगळ्यात मोठ्यानं मी हसलो आणि घरी जाऊन भूक नाही म्हणून न जेवता उठलो. कुणीतरी माझं कौतुक करावं, एवढंच मला हवं होतं. पण हे कारण फोटोखाली लिहायची लाज वाटली.

लिहिण्याआधी मी कुणाच्या पहिल्या पोस्टला किती मतं पडलीत ते बघितलं. दुःखाच्या पोस्ट चालत होत्या. नवरा गेलेल्या एका बाईंची तर सगळ्यात वर होती. माझ्याकडं सांगण्यासारखं दुःख नव्हतं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, तिचा चेहराही मला आठवत नाही. मला वाढवलं आण्णांनी, म्हणजे वडिलांनी. मग मी लिहिलं:

‘आण्णा गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात माझी शाळेतली कविता निघाली. चार घड्या घातलेली. ती पुरी करायला मी इथे आलो आहे.’

मी शाळेत कविता कधी केली नव्हती. आणि आण्णा त्या वेळी उंब्रजला स्वतःच्या दुकानात बसून मोटर भरत होते. हायवेला लागून त्यांचं रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या पाण्याच्या मोटरांत नवी तार भरून द्यायची. वय चौऱ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, चष्मा लावून अजून कॉइल गुंडाळतात. मी मनाशी म्हटलं, आण्णा कुठं असलं वाचतात? आणि सांगलीत त्यांना ओळखतंय कोण?

पोस्ट त्या आठवड्यात सगळ्यात वर गेली.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर काका शेजारी येऊन बसले. रुमाल टाकला, पाचही बोटं दाबली आणि हात सोडलाच नाही. “कधी बोलला न्हाईस रं जाधवा,” म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. बिरूनं कुणाला न विचारता चौघांचे पैसे दिले. आणि संगीता मॅडमनी त्या दिवशी तयार प्रतिक्रिया चिकटवली नव्हती. स्वतः टाइप केलं होतं. ‘माझे वडील गेले तेव्हा मी बोर्डाच्या ड्युटीवर होते. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमचं वाचून आज सांगावंसं वाटलं.’

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. अहो, थट्टा केली, आण्णा धडधाकट आहेत, एवढं म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. दोन शिव्या बसल्या असत्या आणि पुढं त्याचाही किस्सा झाला असता. मी काय केलं, तर मान खाली घालून चहा प्यायलो.

तिथून पुढं मला एकच काळजी लागली. आण्णा जिवंत आहेत हे या तिघांना कळू द्यायचं नाही, आणि आपण गेलोय हे आण्णांना कळू द्यायचं नाही.

* * *

लोकांना माझे आण्णा आवडले. अजून लिहा, अजून लिहा म्हणायला लागले. पण लिहू काय? लक्षात आलं की मला त्यांची माहितीच फार नाही. शिकायला म्हणून घर सोडलं ते सोडलंच, सणाला जायचं, जेवायचं, झोपायचं आणि परत यायचं. फोन महिन्यातून एकदा, तोही मिनिटभर.

मग मी फोन करायला लागलो. मेलेल्या आण्णांबद्दल जिवंत आण्णांना विचारायला!

“आण्णा, तुम्ही मोटरचं काम कुणाकडं शिकला?”

पलीकडं त्यांनी चालू मोटर बंद केली. मग, “का रं? आज काय मधीच?”

“सहज.”

त्या दिवशी ते पाऊण तास बोलले. पहिली मोटर कुणाची भरली, ती कशी परत जळाली, मालकानं कशी विहिरीवर सगळ्यांदेखत आणून आपटली. मी पेन घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ‘आण्णांची पहिली मोटर’ नावाची पोस्ट टाकली, शेवटी ‘आज ते असते तर’ असं जोडून.

नंतर तर ते वाटच बघायला लागले. माझा फोन गेला की आधीच काहीतरी आठवून ठेवलेलं असायचं. “त्ये तुला काल सांगायचं ऱ्हायलं,” म्हणून सुरू करायचे. एकदा म्हणाले, “बरं वाटतंय बघ तू इचारतोस ते. न्हाईतर हितं मोटरीसंग किती बोलायचं.” मी हातातलं पेन खाली ठेवलं, आणि थोड्या वेळानं परत उचललं.

पितृपंधरवड्यात साइटनं स्पर्धा लावली, ‘गेलेल्या माणसाला पत्र’. माझा पहिला नंबर आला. त्याच आठवड्यात संगीता मॅडम स्टीलचा डबा घेऊन गाड्यावर आल्या. त्यात अळूवड्या. माझ्याच एका पोस्टमध्ये त्यांनी वाचलं होतं की आण्णांना अळूवडी फार आवडायची. “तिथीला पानावर ठेवा,” म्हणाल्या. “माझ्या वडलांच्या पानासाठी केल्या, त्यातल्याच आहेत.”

डबा घरी नेला. बायकोनं, सवितानं, विचारलं, कसला? सगळं सांगावं लागलं. ती माझ्या सगळ्या पोस्ट एका जागी बसून वाचत राहिली. अधूनमधून डोळे पुसत होती. मला वाटलं, लिहिलंय चांगलं. वाचून झाल्यावर तिनं मोबाइल माझ्या हातात दिला.

“आता खरोखरचं काही झालं तर काय लिहिणार तुमी?”

बक्षिसाच्या व्हाउचरवर मी मिक्सर घेतला. सवितानं त्यात आजपर्यंत चटणी केलेली नाही. पाट्यावर वाटते.

* * *

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी गेटवरून बिरूचा फोन आला. “सर, पाव्हणं आल्यात तुमच्याकडं. उंब्रजचं हायती.”

मी लायब्ररी तशीच सोडून धावत सुटलो. गेटवर आण्णा उभे. पांढरा शर्ट, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मिरजेला डोळे दाखवायला म्हणून आले होते, तिथून न सांगता इकडं.

“रोज फोन करतोस,” ते म्हणाले. “म्हटलं पोराला काय झालंय का बघून तरी यावं.”

बिरू आमच्याकडं बघत होता. त्याला ‘पोराला’ हा शब्द ऐकू गेला की नाही मला कळेना. गावाकडं पुतण्यालाही पोरगंच म्हणतात, हे मला त्या क्षणी सुचलं, आणि ते सुचलं याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

“सर, कोण हे?” बिरूनं विचारलं.

मी म्हणालो, “माझे चुलते.”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. डोळ्यांत नुकतं औषध घातलं होतं, त्यामुळे ते नीट उघडतही नव्हते.

बिरूनं रजिस्टर पुढं केलं. आत येणाऱ्या प्रत्येकानं त्यात नाव आणि कुणाचं कोण ते लिहायचं, हा कॉलेजचा नियम आणि बिरूला नियम म्हणजे नियम. “बाबा, एवढं नाव लिवा तुमचं.”

माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र लटकत होतं. त्यावर ठळक अक्षरात ‘सुहास मारुती जाधव’. आण्णांनी मारुती लिहिलं की संपलं. मी ओळखपत्र उलटं करून शर्टाच्या खिशात कोंबलं. आण्णांनी ते बघितलं. मग पेन घेतलं, वहीवर अगदी वाकले आणि सावकाश लिहिलं, ‘शंकर जाधव’. पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘चुलता’.

शंकर हा आण्णांचा धाकटा भाऊ. दहा वर्षांचा असताना तापानं गेला. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. मला तो माहीत आहे तोही आत्याकडून.

बिरूनं नाव वाचलं आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. “तुमच्या भावाचं समदं वाचलंय आमी. लय मोठा माणूस, बाबा.”

आण्णा म्हणाले, “व्हय. बरा होता.”

लायब्ररीत ते तासभर बसले. पंख्याखाली, शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटत होतं, विचारतील. नुसतं एवढंच विचारलं, “तब्येत बरी हाय न्हवं तुजी?” मी हो म्हणालो. चारच्या गाडीला त्यांना जायचं होतं. स्टँडवर सोडायला मीच जायला हवं होतं, पण पुन्हा गेटवर बिरूसमोर तेच नाटक करायचं जिवावर आलं. मी म्हणालो, काम आहे जरा. बिरूनं दुसऱ्या गार्डला उभं केलं आणि स्वतःच्या मोटरसायकलवर त्यांना स्टँडवर नेऊन बसवून दिलं.

त्यानंतर मी आण्णांना फोन केला नाही. काय बोलणार? त्यांचाही आला नाही. लिहिणंही बंद केलं. गाड्यावर सगळे विचारायचे, आण्णांचं पुढचं कधी? मी म्हणायचो, वेळ मिळत नाही.

* * *

महिना गेला असेल. एके दिवशी साडेपाचला मी गाड्यावर पोचलो तर तिघंही आधीच जमलेले. बिरू ताठ उभा. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच गुन्हेगारासारखं हसू होतं.

साइटवर नवीन माणूस आणला की आणणाऱ्याला जादा पॉइंट मिळायचे. आमचे सगळ्यांचे नातेवाईक भरती करून झाले होते. बिरूचा आकडा तेवढा शून्यावर होता.

“सर, एक भरती केली,” तो म्हणाला. “तुमाला सरप्राइज द्यायचं म्हणून बोललो न्हाई. स्टँडवर सोडाया गेलतो तवा बाबांनी माजा नंबर घेतला. त्यांनीच फोन केला मागल्या आठवड्यात. म्हणालं, माज्या भावावर काय लिवलंय ते मला दाखीव. मग उंब्रजला जाऊन खातंच काढून दिलं. सुट्टी टाकली एक.”

“सगळं वाचलं त्यांनी?” मी विचारलं.

“पयल्यापासनं. चार दिस लागलं म्हणं. डोळ्याचा त्रास हाय न्हवं.”

संगीता मॅडमनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. “वाचा तुम्हीच,” म्हणाल्या. काका रुमाल हातात घेऊन बसले होते, पण टाकला नव्हता.

वर फोटो होता. मागं दुकानाची भिंत, खिळ्यांना लावलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी. पुढं आण्णा, पांढरा शर्ट, कॅमेऱ्याकडं बघायचं की कागदाकडं हे न कळून मधेच कुठंतरी बघणारे. दोन्ही हातांनी छातीपाशी कागद धरलेला. त्यावर त्यांच्या त्या सावकाश अक्षरात ‘शंकर जाधव’ आणि खाली खातं काढलं त्या दिवसाची तारीख.

पोस्ट त्यांनी मोबाइलसमोर बोलून लिहिली होती. बिरूनं नंतर मधेमधे टिंबं दिली होती, त्याला जिथं वाटली तिथं.

‘नमस्कार. मी शंकर जाधव उंब्रज. चुकलं तर सांभाळून घ्या. इथं का आला असं विचारलंय म्हणून सांगतो. माझ्या पुतण्याचं लिखाण इथं असतंय ते वाचाया आलो. समदं वाचलं. भावाचं लय चांगलं लिवलंय त्यानं. पर मारुती एवढा काय चांगला न्हवता हे मला ठाव हाय. बायको गेली तवा पोरगं तीन वर्साचं. दोन वर्सं त्याला आजोळी ठिवलं. मारुती एकदा बी बघाया गेला न्हाई. त्याला वाटायचं पोरगं आई कुठं हाय म्हणून विचारंल. तोंड दाखवायची लाज वाटायची. मग आणलं ते पाच वर्साचं, तवा ते त्याला वळखंना. पाव्हणं आलं म्हणालं. हे पुतण्यानं लिवलं न्हाई. ठाव नसंल न्हाईतर ऱ्हाऊ दे म्हणाला असंल. मारुतीनं हे कुणाला सांगितलं न्हाई. आता तो गेला म्हणून मी सांगतो.

‘तीनशे शब्द पायजेत म्हणं म्हणून अजून सांगतो. पुतण्याचा रोज फोन यायचा. आता येत न्हाई. कामात असंल. त्याच्यावर कुणी रागवू नका. मी बी न्हाई. बापाचं काय विचारायचं ऱ्हायलं असंल तर त्यानं मला फोन करावा. चुलत्याला समदं ठाव असतंय.’